साखर कारखान्याच्या 'सामाजिक बांधिलकी'त ऊसतोड मजूर कुठे बसतो? (प्रोजेक्टसाठी मदत हवी)

शिरोळची

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात बीबीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. या सत्रात 'व्यवसाय नीतिमत्ता आणि सामाजिक जबाबदारी' असा विषय आहे आणि त्यावर प्रोजेक्ट करायचाय. वर्गातल्या निम्म्यांनी सत्यम कंपनीचा घोटाळा घेतलाय (जानेवारी २००९, सात हजार कोटी, राजूंचं पत्र, सीनियर्सची फाइल फिरतेच आहे), उरलेल्यांनी टाटा. मी साखर कारखाना घेतला. घरचा ऊस आहे, कारखाना जवळ आहे, माहिती सहज मिळेल असा हिशोब.

मिळालीही. वार्षिक अहवालाच्या शेवटी 'सामाजिक बांधिलकी' म्हणून चार रंगीत पानं आहेत. वृक्षारोपण, रक्तदान, हायस्कूलला संगणक, महापुरात वाटलेलं धान्य. २०१९ ला आमच्याही घरात पाणी होतं आणि ते धान्य खरंच आलं होतं, त्यामुळे मी त्याला नावं ठेवणार नाही.

पण त्याच कारखान्यामागच्या मोकळ्या रानात दरवर्षी बीडकडच्या टोळ्या उतरतात. बांबू आणि ताडपत्रीच्या कोप्या, पाणी कुणाच्या तरी बोअरचं, संडास नाही, लाइट नाही. आमच्या फडात आलेल्या टोळीत एक बाई माझ्याहून लहान होती आणि तिला दोन मुलं. अख्ख्या अहवालात या लोकांबद्दल एक ओळ नाही. शेतकी ऑफिसात विचारलं तर उत्तर आलं, "ते आपले कामगार नव्हेत, मुकादमाचे." मुकादम (टोळी जमवून आणणारा मधला माणूस) म्हणाला, "मी काय मालक हाय का? पैसा वाहतूकदाराचा." वाहतूकदार म्हणाला, "माझा करार कारखान्याशी. मी नुसती गाडी लावतो."

आमच्या पुस्तकात कॅरोलचा पिरॅमिड आहे. तळाला आर्थिक जबाबदारी, वर कायदेशीर, वर नैतिक आणि टोकावर परोपकार. मला दिसतंय ते असं की टोक झकपक रंगवलंय आणि तिसऱ्या मजल्यावर कुणी राहतच नाही. आमचे सर म्हणाले, "सीएसआर (कंपनीची सामाजिक जबाबदारी) वेगळं, लेबर इश्यू वेगळा, मिसळू नकोस, मार्क जातील."

हे खरंच वेगळं आहे का? कारखान्याची जबाबदारी नेमकी कुठपर्यंत पोचते? कुणाला आतली माहिती असेल तर लिहा. माझी फी ऊसबिलातूनच जाते, त्यामुळे मी तटस्थ वगैरे नाही, हेही सांगून ठेवते.

---

तिरकस तारा

सरांचं ऐक. मिल्टन फ्रीडमननी १९७० सालीच लिहून ठेवलंय की धंद्याची सामाजिक जबाबदारी म्हणजे नियमांत राहून नफा कमावणं. कारखान्याचं काम साखर पाडणं. संडास बांधणं ग्रामपंचायतीचं, शाळा सरकारची. सगळ्यांनी सगळ्यांचं करायचं ठरवलं की कुणीच काही करत नाही.

---

पाटोदेकर

तारा भौ, 'नियमांत राहून' हे दोन शब्द तुम्ही फार भरभर ओलांडले. सविस्तर रात्री लिहितो.

---

आकडेमोड

पेशानं सीए आहे. नीतिमत्तेकडे नंतर वळू, आधी एक साधा प्रश्न: तुझा कारखाना सहकारी की खासगी?

कारण ज्याला आपण सीएसआर म्हणतो तो कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मधून येतो, १ एप्रिल २०१४ पासून. नक्त मत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी लागू झालं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम अनुसूची ७ मधल्या कामांवर खर्च करायची. पण हे कंपन्यांना. सहकारी साखर कारखाना ही महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेली संस्था, कंपनी नव्हे. तिला कलम १३५ लागूच होत नाही. तेव्हा कारखाना सहकारी असेल तर ती चार रंगीत पानं कायद्यानं मागितलेली नाहीत, कारखान्यानं आपखुशीनं छापलीत. तुझ्या प्रोजेक्टात हा फरक पहिल्या पानावर हवा, नाहीतर परीक्षक तिथंच पकडेल.

आता सरांच्या 'मिसळू नकोस'बद्दल. सीएसआर नियमांत दोन गोष्टी स्पष्ट वगळल्या आहेत: कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेला खर्च आणि फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च. म्हणजे स्वतःच्या कामगाराला धड पगार देणं, त्याला घर देणं, हे सीएसआरच्या रकान्यात बसत नाही. कायद्याच्या अंगानं सर बरोबर आहेत.

यातली गंमत बघ. खासगी कारखान्यानं कोप्यांवर फिरता दवाखाना सुरू केला आणि तो सीएसआरमध्ये दाखवला, तर तो आपोआप लेखी म्हणतोय की ही माणसं आमचे कर्मचारी नाहीत. कर्मचारी असते तर दाखवता आलं नसतं. तेव्हा 'मजुरांसाठी सीएसआर करा' ही मागणी करताना जरा थांबून विचार कर.

---

शिरोळची

बाप रे, हे डोक्यात आलं नव्हतं. कारखाना सहकारी आहे. पण आमचा थोडा ऊस एका खासगी कारखान्यालाही जातो, तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून बघता येतील.

---

निवृत्त शेतकी

एका सहकारी कारखान्याच्या शेतकी खात्यात आयुष्य गेलं. चर्चा एकांगी होऊ नये म्हणून लिहितो.

आज कंपन्या जे २ टक्क्यांचं कौतुक सांगतात, ते सहकारानं सीएसआर हा शब्द कुणी ऐकलाही नव्हता तेव्हा केलं. प्रवरेचा कारखाना १९५० ला सुरू झाला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केला. त्याच्या अवतीभवती शाळा, कॉलेजं, दवाखाने आले. वारणेला तात्यासाहेब कोऱ्यांनी तेच केलं. ज्या भागात मॅट्रिक झालेला माणूस बघायला लोक यायचे तिथं इंजिनीअर झाले. तुमचं कॉलेजही अशाच कुठल्या पैशातून उभं असण्याची शक्यता आहे, जरा चौकशी करा.

तोडणी मजुराबद्दल म्हणाल तर आम्ही डोळे मिटून बसलो नव्हतो. मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा होत्या. कडाक्याच्या थंडीत रात्री टोळीत बाळंतपण अडलं की आमचीच जीप जायची. पण मजूर हजेरीपटावर घ्यायचा म्हटलं तर काम पाच महिन्यांचं, माणसं हजारो, दर वर्षी वेगळी. हे शक्य नाही म्हणून मुकादम आहे.

---

पाटोदेकर

रात्री लिहितो म्हणालो होतो.

माझे आईवडील ऊसतोड करायचे. मी आज शिक्षक आहे, धाकटा भाऊ अजून कोयत्यावर जातो. इथं बरेच जण 'मजूर' म्हणताहेत म्हणून आधी सांगतो, आमच्याकडं मोजमाप माणसाचं नसतं, कोयत्याचं असतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्याला मिळते, म्हणून बाईच्या नावानं कुठंच काही नसतं. ना करार, ना पावती, ना हिशोब. आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम नाखूष असतो, म्हणून पोरांची लग्नं लवकर उरकतात. शिरोळची, तुमच्याहून लहान ती बाई फडात कशी आली त्याचं हे उत्तर.

उचल दसऱ्याच्या आधी मिळते. कोयत्याला लाखाच्या आसपास, कधी जास्त. ती पावसाळ्यातच संपलेली असते. दवाखाना, लग्न, बी-बियाणं, मागची बाकी. मग सगळा हंगाम ती फेडायची. २०२४ च्या जानेवारीत शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादात ३४ टक्के वाढ ठरली, त्यानंतर टनाला साडेतीनशेच्या थोडे वर मिळतात. जोडीनं पहाटेपासून अंधार पडेपर्यंत दोन टन पाडला तर सातशे. दोघांचे मिळून. गाडीची भरणी रात्री असली तर तीही त्यातच.

आता नियमांत राहण्याबद्दल. हंगाम पूर्वी मार्च-एप्रिलपर्यंत चालायचा. आता कारखाने जास्त, गाळपक्षमता वाढलेली, ऊस कमी. २०२४-२५ ला गाळपच १५ नोव्हेंबरला सुरू झालं आणि ऊस नाही म्हणून कित्येक पट्टे लवकर पडले, म्हणजे हंगाम आधीच संपला. उचल मात्र पूर्ण हंगामाच्या हिशोबानं घेतलेली. काम संपलं, बाकी उरली, ती पुढच्या वर्षी अंगावर. यात कोयत्याचा काय दोष? गाळपक्षमता वाढवायचा निर्णय त्याला विचारून घेतला होता का?

आणि 'पिशवी'. २०१९ मध्ये सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कारणं एकाला एक लागून आहेत. पाळीत जड मोळ्या उचलायच्या, धुवायला पाणी नाही, आडोसा नाही, अंगावरून जाणं सुरू झालं की खासगी दवाखान्यात 'कॅन्सर होईल' ही भीती घालणारा कुणीतरी भेटतो. एक दिवस पडून राहिलं तर खाडा. म्हणजे मजुरी तर गेलीच, वर दंड. कारखान्यानं कुणाची पिशवी काढा म्हणून सांगितलेलं नाही. शिरोळची, तुमच्या पिरॅमिडमध्ये हे कुठं टाकायचं ते तुम्हीच ठरवा.

निवृत्त शेतकी साहेब, तुमच्या जीपबद्दल मनापासून आभार. पण अडचणीत जीप येणं ही तुमच्या मनाची गोष्ट. साहेब बदलला की जीप बदलते.

---

मृद्गंध

वाचतेय. पाटोदेकर, प्रतिसाद दोनदा वाचला.

---

नदीकाठचा

मी ऊसउत्पादक. इथं सगळी कारखान्याच्या आणि शेतकऱ्याच्या नावानं बोटं मोडायला लागली म्हणून लिहितो. तोडणी-वाहतूक कुणाच्या पैशातनं होते ठाऊक आहे का? आमच्या. एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) जाहीर होते ती कारखान्याच्या गेटवरची. २०२५-२६ ला टनाला ३,५५० रुपये, तेही साखरेच्या १०.२५ टक्के उताऱ्याला. त्यातनं तोडणी आणि वाहतूक कापून उरलेलं आमच्या खात्यावर. मजुरी वाढली की कपात वाढली. लवादात ३४ टक्के वाढवले तेव्हा टाळ्या कारखानदारांनी घेतल्या, बिल आमचं कमी झालं.

वर टोळीची खुशाली (वरचे पैसे) वेगळी. नोंद तारीख उलटून गेली, उसाला तुरे आले, तरी टोळी येत नाही. आली की एकराला इतके द्या, नाहीतर चाललो दुसऱ्याकडं. ड्रायव्हरची एंट्री वेगळी. पावसात ट्रॅक्टर फसला की ओढायचा खर्च आमचा. तेव्हा गरीब म्हणजे गुणी असं काही नसतं.

---

पाटोदेकर

खुशाली घेतात. खोटं कशाला सांगू. पण ती किती जणांत वाटली जाते आणि मुकादमाकडं किती राहते, हे एकदा विचारून बघा.

---

नदीकाठचा

मी का विचारू? माझ्या खिशातनं गेले ते गेले.

---

तिरकस तारा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. बाय द वे, नदीकाठच्यांनी माझंच म्हणणं सिद्ध केलं. नैतिकतेचं बिल शेवटी तिसऱ्याच्या नावावर फाटतं.

---

संपादक मंडळ

विषय चांगला चाललाय. व्यक्तिगत रोख टाळावा. दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

---

शिरोळची

नदीकाठचा काका, तुमचा प्रतिसाद वाचून मी घरी ऊसबिल काढून बघितलं. कपातीच्या रकान्यात तोडणी-वाहतूक खरंच आहे. वडिलांना म्हटलं, "म्हणजे या मजुरांचे मालक आपणच?" ते हसले आणि म्हणाले, "मालक असतो तर टोळी कधी येणार ते मला माहीत नसतं का?"

त्यावरून एक सुचलं, कुठं चुकतेय का सांगा. पैसे कुणाचे यावरून जबाबदारी ठरवायला गेलं तर शेतकरी सापडतो. कागद कुणाच्या नावाचा यावरून गेलं तर मुकादम. पण कुठल्या गावात कुठली टोळी, कुठल्या तारखेला, कुठल्या फडात, किती दिवस, हे सगळं ठरवतो कारखान्याचा तोडणी कार्यक्रम. गव्हाण (कारखान्यात ऊस टाकायची जागा) भरलेली राहिली पाहिजे हा सगळ्याचा मुद्दा. ताबा त्यांचा. मग जबाबदारी ताब्यावरून मोजायची का?

---

आकडेमोड

चुकत नाहीयेस. कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा साधारण याच वाटेनं जात होता. कंत्राटदारानं मजुरी बुडवली तर मूळ मालकानं द्यायची, मग कंत्राटदाराकडून वसूल करत बसायची. तो विचार नव्या कामगार संहितेतही आलाय. आणि १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा होता तो आंतरराज्य होता. बीडचा माणूस बेळगावकडच्या कारखान्याला गेला तर त्याला लागू, कोल्हापूरला आला तर नाही. अंतर जवळपास तेवढंच.

आता एक आकडेमोड. आकडे कुठल्याही खऱ्या कारखान्याचे नाहीत, हिशोबासाठी धरलेत. खासगी कारखाना, गाळप ८ लाख टन, तीन वर्षांचा सरासरी नफा २० कोटी. सीएसआर झाला ४० लाख. (५० लाखांच्या आत आहे, म्हणजे सीएसआर समितीसुद्धा नेमायची गरज नाही, संचालक मंडळानं ठरवलं की झालं.) ४० लाख भागिले ८ लाख टन म्हणजे टनाला ५ रुपये. तोडणी मजुरी टनाला ३५० धरली तरी २८ कोटी. म्हणजे ज्या चार रंगीत पानांवर आपण इतकं बोलतोय ती सगळी मिळून तोडणीच्या बिलाच्या दीड टक्क्याएवढी. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनाला १० रुपये घ्यायचे ठरलंय, तेसुद्धा याच्या दुप्पट भरतात.

म्हणून मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, सीएसआरचा अहवाल वाचायच्या आधी नफा-तोटा पत्रक वाचा. नीतिमत्ता तिथं असते, खर्चाच्या बाजूला.

---

ट्रॅक्टरमालक

वाहतूकदाराला कुणीच विचारेना म्हणून खातं उघडलं.

कारखाना माझ्याबरोबर करार करतो, ॲडव्हान्स देतो, त्यात माझी भर घालून मी मुकादमाला देतो. कर्ज माझ्या नावावर, सातबारा माझा गहाण. एका हंगामात मुकादमानं पैसे उचलले आणि फोन बंद करून टाकला. टोळी दुसऱ्याच कारखान्याला गेली. मी त्याच्या गावी गेलो तर तिथं माझ्यासारखे आणखी वाहतूकदार बसलेले. कोर्टकचेऱ्या अजून चालू आहेत. कारखान्यानं काय केलं? माझ्या बिलातून ॲडव्हान्स कापून घेतला.

पाटोदेकर सर, तुमच्या लोकांवर राग नाही. पण जोखीम वरून खाली ढकलत आणायची आणि मध्ये माझ्यासारखा कोण सापडतो त्याच्या गळ्यात मारायची, ही पद्धत आहे. 'मी नुसती गाडी लावतो' हे मीपण म्हणतो, कारण तेवढंच म्हणायची सोय आहे.

---

निवृत्त शेतकी

ट्रॅक्टरमालक म्हणतात ते खरं आहे. आमच्या वेळीही व्हायचं, आता रकमा मोठ्या झाल्या.

---

औंधकर

थोडं अवांतर, पण कॉलेजवाल्यांना उपयोगी. सांगली जिल्ह्यातच किर्लोस्करवाडी आहे. १९१० साली औंध संस्थानानं जागा दिली आणि लक्ष्मणरावांनी माळावर कारखाना काढला. कामगारांची वसाहत कारखान्यासोबतच उभी राहिली. जमशेदपूरला टाटांनी १९१२ ला आठ तासांचा दिवस केला, तेव्हा तसा कायदा नव्हता. म्हणजे कायद्याच्या पुढं जाणारे उद्योगपती होते. मात्र दोन्हीकडं कामगार हजेरीपटावर होता, ही गोष्ट तुमच्या चर्चेच्या दृष्टीनं महत्त्वाची वाटते.

---

पुणे बावन्न

मी एका संस्थेत काम करते, कंपन्यांचे सीएसआरचे पैसे घेऊन प्रकल्प राबवतो. आतली बाजू सांगते.

देशात सीएसआरचा वर्षाचा खर्च २०२२-२३ मध्येच तीस हजार कोटींच्या आसपास गेला आणि राज्यांत महाराष्ट्र पहिला असतो. पण कायदा म्हणतो, स्थानिक परिसराला प्राधान्य द्या. कंपन्या मुंबई-पुण्यात, त्यामुळे पैसाही तिथंच घुटमळतो. पाटोदा, शिरूर कासार या बीडच्या तालुक्यांत मोठी कारखानदारीच नाही तर 'स्थानिक' म्हणणार कोण? कोयता गाव सोडतो एका जिल्ह्यात, राबतो दुसऱ्यात, आणि दोन्ही ठिकाणी बाहेरचा.

दुसरं, हंगामी वस्ती कुणाला नको असते. तात्पुरत्या संडासाचा प्रस्ताव घेऊन गेले होते. एका कंपनीत विचारलं गेलं, "पाच महिन्यांनी तिथं काय दिसणार?" काही दिसणार नव्हतं, माणसं गेलेली असणार होती. शाळेची खोली बांधली की पाटी लागते. तिथंच पाणी आणि आडोसा यांचा मुद्दा संपतो. नियम कडक झालेत हे खरं, २०२१ पासून चालू प्रकल्पांची खर्च न झालेली रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी लागते, मोठ्या प्रकल्पांचं परिणाम-मूल्यांकन लागतं. पण कुठल्या प्रश्नाला हात घालायचा हे कायदा सांगत नाही.

सरकारी बाजूला संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे, ४१ तालुक्यांत मुलामुलींची ८२ वसतिगृहं मंजूर झाली. मुलं गावात राहिली तर पुढचा कोयता थांबतो. माझ्या मते हेच सगळ्यात परिणामकारक.

---

पाटोदेकर

वसतिगृहांबद्दल सहमत. मी स्वतः आजीजवळ राहिलो म्हणून शिकलो. आजी नसती तर मीही फडावर वाढे (उसाचे शेंडे) बांधत बसलो असतो.

---

जर्सीकर

इकडून एक मुद्दा. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं बीडच्या ऊसतोड बायकांवर मोठी शोधबातमी छापली होती. त्यात महाराष्ट्रातली साखर जगातल्या बड्या शीतपेय कंपन्यांना जाते हे दाखवलं होतं. इकडे ऑफिसात लोकांनी विचारलं, तू तिकडचाच ना. काय सांगणार.

पण त्यातून एक कळलं. साखर जिथं विकली जाते तिथून दाब आला तर कारखाना हलतो. भारतातही सेबीनं २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केलाय. शिरोळची, तुझ्या खासगी कारखान्याची साखर कोण घेतं ते शोध. बिस्किटवाला असेल, शीतपेयवाला असेल. त्यांच्या अहवालात 'पुरवठा साखळीतले कामगार' या मथळ्याखाली काय लिहिलंय ते वाच.

---

तिरकस तारा

आणि त्यांनी उद्या ठरवलं की असली साखर नको, तर? हार्वेस्टर येतील. कोयताच राहणार नाही. मग समाधान?

---

नदीकाठचा

हार्वेस्टर आलेतच की आमच्याकडं. पाचटाचं वजन म्हणून कपात होते आणि लहान रानात मशीन वळतच नाही. अजून लई वर्षं कोयता लागणार.

---

पाटोदेकर

तारा भौ, मशीन आलं तर येऊ द्या. आमच्या कुणालाच नातवाच्या हातात कोयता द्यायचा नाहीये. पण ज्याच्या अंगावर बाकी आहे त्याचं काय करणार ते सांगून मशीन आणा.

बरं, नदीकाठच्या भाऊंसाठी एक. तुम्ही काटामारीवर आंदोलनं करता, बरोबरच आहे. गाडी काट्यावर कमी दाखवली तर तुमचं नुकसान. पण त्याच पावतीवर आमची मजुरी निघते. टनामागं तुमचे किती गेले याचा हिशोब संघटना मांडते, आमचे किती गेले तो कुणी मांडत नाही. काटा चोख झाला तर दोघांचंही भलं. वजनाची पावती टोळीला वेगळी मिळत नाही, ती चिटबॉय (फडात नोंद करणारा पोरगा) आणि गाडीवाल्यापाशी. हिशोब शेवटी पट्टा पडल्यावर मुकादम सांगेल तो.

---

नदीकाठचा

हे बरोबर बोललात. काट्याचं ध्यानात आलं नव्हतं असं नाही, पण त्या अंगानं कुणी बघितलं नाही. आमच्या मोबाइलवर वजनाचा मेसेज येतो आता. त्यातलाच एक टोळीच्या नंबरवर टाकायला कारखान्याला काय अवघड आहे?

---

आकडेमोड

काहीच नाही. खर्च जवळपास शून्य. आणि हा सीएसआरमध्ये दाखवताही येणार नाही.

---

ट्रॅक्टरमालक

फक्त मुकादमाच्या नंबरवर टाकू नका म्हणजे झालं. प्रत्येक कोयत्याच्या नंबरवर टाका. बाईचा नंबर घ्या, गड्याचा फोन दर महिन्याला बदलतो. 🙂

---

शिरोळची

सर्वांचे खूप आभार. सरांना भेटले. सीएसआर नियमांमधली वगळणूक दाखवली तेव्हा ते म्हणाले, "मग विषयाचं नाव बदल आणि कर." नवीन नाव: 'हजेरीपटाबाहेरचे: दोन साखर कारखान्यांच्या तोडणी व्यवस्थेतील जबाबदारीची साखळी'. अहवालातल्या चार पानांना एक परिच्छेद, बाकी सगळं करार, उचल, कपात आणि काटा.

मुलाखती शेतकी अधिकारी, वाहतूकदार, मुकादम आणि टोळीतल्या दोन बायका अशा घ्यायच्या आहेत. बायकांशी बोलताना मुकादम समोर नको हे पाटोदेकर सरांनी व्यनित (खासगी निरोपात) सांगितलंय, म्हणून मी आणि मैत्रीण संध्याकाळी वाढे घ्यायच्या निमित्तानं कोप्यांवर जाणार. म्हैस आहेच घरी.

प्रश्नांची कच्ची यादी: उचलीचा करार कुणाच्या सहीचा असतो, त्याची प्रत कुणाकडे असते? वजनाची पावती टोळीपर्यंत पोचते का? हंगाम लवकर संपला तर बाकीचं काय होतं, कारखाना त्यातला काही वाटा उचलतो का? पाण्याची आणि संडासाची सोय करायची म्हटलं तर जागा कुणाची, परवानगी कुणाची? बाळंतीण आणि आजारी बाईच्या सुट्टीचं काय? महामंडळाच्या टनामागे १० रुपयांतले किती या कारखान्यानं भरलेत?

काही राहिलं असेल तर सांगा, शनिवारपासून सुरू करतेय.

---

निवृत्त शेतकी

शेतकी अधिकाऱ्याला गाळप जोरात असताना गाठू नका, वैतागलेला असतो. दुपारची पाळी बदलल्यावर जा. आणि टोळीनिहाय तोडणीचं रजिस्टर मागा. देणार नाहीत, पण आहे हे तुम्हाला माहीत आहे एवढं कळू द्या.

---

आकडेमोड

खासगी कारखान्याचा वार्षिक अहवाल आणि सीएसआरचं परिशिष्ट कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडं शुल्क भरून मिळेल. सहकारीचा ताळेबंद तुझे वडील सभासद असल्यानं हक्कानं मागता येतो.

---

पाटोदेकर

एक राहिलं. खाडा. किती रुपये, कोण ठरवतं, कुठल्या वहीत लिहितात आणि ते पैसे शेवटी कुणाकडे जमा होतात? मी इतकी वर्षं विचारतोय. मुकादम म्हणतो वाहतूकदाराकडे, वाहतूकदार म्हणतो मुकादमाकडे.

---

ट्रॅक्टरमालक

माझ्याकडे नाही येत. खरंच सांगतो. तुमच्या भावाच्या मुकादमाला माझ्यासमोर विचारा हवं तर.